घरी अजून सांगितलेलं नाही

निकाल जाहीर झाला तेव्हा औषधबाई कागदी पेल्यातून पाणी पीत होत्या. आकडा कानावर पडला आणि पाणी नाकात गेलं. पुढची दोन मिनिटं नगरपालिकेच्या नव्या सदस्य नुसत्या खोकत होत्या आणि दाराशी उभी असलेली पोलीसबाई त्यांच्या पाठीवर थोपटत होती.

"एकोणीस!" त्यांचे मतमोजणी प्रतिनिधी, म्हणजे गणिताचे निवृत्त सर, परत परत सांगत होते. "बाई, एकोणीस मतांनी! जिंकलात तुम्ही."

"नीट बघा हो सर," बाई डोळे पुसत म्हणाल्या. "उलटं असेल."

उलटं नव्हतं. शाळेच्या व्यायामशाळेत चार लांब टेबलं मांडली होती, त्यावर पन्नास-पन्नास मतपत्रिकांचे गठ्ठे रबरबँड लावून रचले होते, आणि किटली या निशाणीचा ढीग दिव्याच्या ढिगापेक्षा चिमूटभर उंच दिसत होता. किटली म्हणजे बाई. दिवा म्हणजे परमनंट.

परमनंट हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. सलग चार वेळा निवडून आल्यामुळे लोकांनीच ते ठेवलं होतं आणि आता त्यांचे जावईसुद्धा मागे त्यांना तेच म्हणत. परमनंटांनी आकडा ऐकला, चष्मा पुसला आणि फेरमोजणीचा अर्ज लिहायला घेतला. अक्षर नेहमीसारखंच वळणदार होतं. चार वेळा जिंकलेल्या माणसाला हरल्यावर काय करायचं याची सवयच नसते. त्यांना ते अजून खरं वाटलेलं नव्हतं.

खरं तर बाईंनाही वाटलेलं नव्हतं. फेरमोजणीला तास-दीड तास लागणार होता. त्या भिंतीकडेच्या बाकावर बसल्या. निवडून आल्याचा आनंद मनात कुठेतरी होता, नाही असं नाही. पण वरचा विचार एकच होता: आता घरी कसं सांगायचं?

बाईंचं औषधांचं दुकान बाजाराच्या तोंडाशी, सव्वीस वर्षांचं. गोळ्यांची पट्टी हातात देताना त्या गिऱ्हाइकाकडून वदवून घेत, "जेवल्यावर, दिवसातून दोनदा. काय म्हणाले मी? बोला." मोठमोठे मिशीवाले गडी काउंटरसमोर उभे राहून शाळकरी मुलासारखं म्हणत, "जेवल्यावर, दोनदा." दुकानाच्या मागच्या अंगाला नगरपालिकेचा संध्याकाळचा दवाखाना होता. दिवसभर हमाली करणारे, शिलाईयंत्रावर बसणारे, दुसऱ्यांच्या घरी कामाला जाणारे, ज्यांना सकाळी दवाखान्यात जायला सुट्टी मिळत नाही अशा सगळ्यांचा तो दवाखाना. दोन वर्षांपूर्वी तिथले डॉक्टर निवृत्त झाले. नवे आले नाहीत. आधी दाराला कुलूप लागलं, मग कुलूप उघडून नगरपालिकेने आत समारंभाच्या घडीच्या खुर्च्या कोंबल्या आणि पुन्हा कुलूप लावलं.

त्या दिवसापासून लोक बाईंच्या काउंटरवर येऊ लागले. "बाई, पोराचा घसा बघा जरा." "बाई, हा डाग साधाच आहे ना?" आणि बाईंना दर वेळी सांगावं लागे, "मी डॉक्टर नाही हो." एका संध्याकाळी त्यांनी मोजलं. बावीस वेळा म्हणाल्या होत्या. बाविसाव्यांदा म्हणताना समोरची बाई काही न बोलता तापाचं पोर खांद्यावर टाकून निघून गेली. तिची पाठ बाईंना पुढचे कितीतरी दिवस दिसत राहिली.

त्यांनी चौदा अर्ज केले. चौदाही अर्ज योग्य त्या विभागाकडे गेले आणि तिथेच सुखाने राहिले. शेवटी त्या परमनंटांच्या कार्यालयात जाऊन बसल्या. परमनंटांनी चहा दिला, बिस्किटं दिली, सगळं ऐकून घेतलं आणि हसून म्हणाले, "बाई, एवढं मनाला लावून घेताय, तर स्वतःच उभ्या राहा की निवडणुकीला!"

कार्यालयातले सातही जण खो खो हसले. बाईही कसनुसं हसल्या. उमेदवारी अर्ज भरायची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधी त्या अर्ज भरून मोकळ्या झाल्या.

घरी मात्र वेगळाच बेत शिजला होता. बाईंचे यजमान बसचालक. तेहतीस वर्षं बस चालवून नुकतेच निवृत्त झालेले, कंबर धरलेली, पण माणूस उत्साही. एकुलती एक लेक समुद्राकाठच्या एका शहरात, नऊ तासांवर. तिला तिसरा महिना लागल्याचं कळलं तेव्हाच ठरलं होतं, की दुकान चालवायला द्यायचं, घर भाड्याने द्यायचं, सासूबाईंना घ्यायचं आणि कायमचं लेकीच्या गावी जायचं. तिच्या घराखालचाच एक छोटा फ्लॅट रिकामा होता. यजमानांनी त्याच्या खिडक्यांची मापंसुद्धा पडद्यांसाठी मागवून घेतली होती.

बाईंनी अर्ज भरल्याचं सांगितलं तेव्हा त्यांनी पडद्यांच्या मापांचा कागद घडी करून खिशात ठेवला. मग म्हणाले, "ठीक आहे. एकदा पडून घे. मनातलं तरी निघून जाईल. नाहीतर तिकडे जाऊन समुद्राकडे बघत बसशील आणि दवाखान्याचंच बोलशील. परमनंटसमोर कोण निवडून येणार आहे?"

आणि मग हा माणूस पदर खोचावा तसा कामाला लागला. भिंतीवर पत्रकं त्यांनी चिकटवली. मित्राची रिक्षा मागून आणली, तिच्यावर कर्णा बांधला आणि गल्लोगल्ली स्वतः ओरडत फिरले. डेपोतल्या जुन्या मित्रांच्या घरी जाऊन, बसून, चहा पिऊन त्यांनी किटलीसाठी शब्द घेतला. दुपारी रिक्षा फिरवायची आणि संध्याकाळी घरी येऊन खोकी भरायची, असा त्यांचा महिनाभराचा क्रम होता. लेकीला आता आठवा लागला होता. पुढच्या आठवड्यातल्या बसची तीन तिकिटं फ्रिजवर चुंबकाखाली लावलेली होती.

"त्यांना कुठल्या तोंडाने सांगू?" बाई स्वतःशीच पुटपुटल्या.

"काय म्हणालात?" गणिताच्या सरांनी विचारलं.

"काही नाही. पाणी द्या जरा."

फेरमोजणी संपली. बाईंची एक मतपत्रिका परमनंटांच्या गठ्ठ्यात चुकून गेलेली सापडली. त्यांचं एक कमी झालं, बाईंचं एक वाढलं आणि एकोणिसाची एकवीस झाली. सरांना या हिशेबाचा इतका आनंद झाला, की त्यांनी तो पोलीसबाईला दोनदा समजावून सांगितला.

परमनंट उठून बाईंपाशी आले. आता मात्र त्यांचा चेहरा उतरला होता. त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "बाई, मी उभ्या राहा म्हणालो होतो. निवडून या असं कुठे म्हणालो होतो?"

बाईंना हसू आलं, आणि का कोण जाणे, त्यांच्याबद्दल पहिल्यांदाच थोडी मायाही वाटली. "तुमचा रक्तदाब बघून घ्या आज," त्या म्हणाल्या. "आणि गोळी चुकवू नका."

"सकाळची घेतली आहे."

"जेवल्यावर?"

"जेवल्यावर," परमनंट म्हणाले आणि निघून गेले.

विजयाचं प्रमाणपत्र घेऊन, मोजणीआधी जमा केलेला फोन परत घेऊन बाई बाहेर आल्या. फोनवर दोन कॉल येऊन गेले होते, एक लेकीचा आणि एक यजमानांचा. त्यांनी फोन पर्समध्ये टाकला आणि चालायला लागल्या. घर पंधरा मिनिटांवर होतं. बाईंनी लांबचा रस्ता धरला.

पण बातमीला पाय असतात आणि ते बाईंच्या पायांपेक्षा तरुण होते. पहिल्याच वळणावर इस्त्रीवाला दुकानातून धावत बाहेर आला. "बाई! एकवीस! आपण—"

"हळू, हळू!" बाईंनी त्याच्या तोंडावर हात ठेवायचंच बाकी ठेवलं. "घरी अजून सांगितलेलं नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे यांना माहीत नाही. मला सांगू दे आधी. बोंबाबोंब करू नका."

इस्त्रीवाल्याने गंभीरपणे मान हलवली आणि गरम इस्त्री बाजूला उभी करून तो बाईंच्या मागे चालू लागला. पुढे न्हावी आला, अर्धी दाढी झालेल्या गिऱ्हाइकासकट. मग भाजीवाली, मग शिलाईच्या कारखान्यातल्या सहा-सात बायका. प्रत्येकाला इस्त्रीवाला ओठांवर बोट ठेवून सांगत होता, "श्श. घरी अजून सांगितलेलं नाही." गावातली विजयी मिरवणूक तीसेक माणसांची होती आणि चवड्यांवर चालत होती. ना घोषणा, ना टाळ्या. एकाला शिंक आली तर बाकीच्यांनी त्याच्याकडे डोळे वटारून पाहिलं.

दुकानापाशी बाई थांबल्या. शटर अर्धं वर करून आत जाऊन खुर्चीवर बसल्या. कुणीतरी पावडरचा डबा मागितला, तो दिला. औषधांच्या कपाटावरची धूळ पुसली. कालच पुसलेली होती. मिरवणूक बाहेर उभी राहून वाट बघत होती.

शेवटी भाजीवालीने आत डोकं घातलं. "बाई, एक सांगू? जखमेवरची पट्टी तुम्हीच म्हणता ना, हळूहळू काढली की जास्त दुखते म्हणून?"

बाईंनी तिच्याकडे पाहिलं, शटर खाली ओढलं आणि तडक घरी निघाल्या. मिरवणूक कोपऱ्यावरच थांबली.

दुसऱ्या मजल्यावरच्या त्या घरात आता उभं राहायला जागा नव्हती. भिंतीलगत खोकी रचलेली, त्यांवर यजमानांच्या ठसठशीत अक्षरात लिहिलेलं: भांडी-रोजची, भांडी-पाहुण्यांची, आईची औषधं, हिचे जुने कागद (टाकून देणे? विचारणे). खुर्च्या बांधून झाल्या होत्या, म्हणून सासूबाई गुंडाळलेल्या गादीवर टेकून बसल्या होत्या. वय चौऱ्याऐंशी. डोकं तल्लख. यजमान गुडघ्यावर बसून एका खोक्याला चिकटपट्टी लावत होते. बाईंना दारात बघून ते लगबगीने उठले आणि कंबर धरली.

"आलीस? बस. बस आधी. काही बोलू नकोस."

"अहो, मला—"

"मला कळतं गं. फोन उचलला नाहीस तेव्हाच ओळखलं. वाईट वाटायचंच. पण तू लढलीस हे काय कमी आहे? अख्ख्या गावात कुणाची छाती झाली नव्हती. माझ्या डेपोतले लोक अजून म्हणतात, वहिनींनी हिंमत केली."

हे भाषण त्यांनी पाठ केलेलं होतं. बाईंना ते स्पष्ट दिसत होतं, कारण पाठ केलेलं बोलताना यजमान नेहमीसारखे छताकडे बघत होते. कोपऱ्यातल्या शेगडीवर चहा उकळत होता. त्यांनी बांधून ठेवलेल्या खोक्यातून फक्त बाईंचा आवडता कप परत बाहेर काढला होता, निळ्या काठाचा. तो कप बघून बाईंनी पदराने डोळे टिपले.

"रडू नकोस," यजमान म्हणाले. "पुढच्या आठवड्यात या वेळी आपण लेकीच्या गच्चीत—"

"अहो, मी निवडून आले."

चिकटपट्टीचं रीळ यजमानांच्या हातून सुटलं आणि घरंगळत मोरीपर्यंत गेलं.

"काय?"

"आले निवडून. एकवीस मतांनी. फेरमोजणी झाली. हे प्रमाणपत्र." बाईंनी पर्स उघडून कागद पुढे केला, जणू शाळेतून वाईट शेरा आणला होता.

यजमानांनी कागद घेतला. वरून खाली वाचला, मग खालून वर. मग भांडी-पाहुण्यांचीवर बसले. खोकं करकरलं.

गादीवरून सासूबाईंचा आवाज आला, "कुणी मला सांगेल का? ही पडली की आली?"

"आले, आई."

"मग हा असा का बसलाय, पडल्यासारखा?"

चहा उतू गेला. बाईंनी पुढे होऊन गॅस बंद केला आणि ओट्याकडे तोंड करूनच म्हणाल्या, "तुम्ही रागावलात तरी मी समजू शकते. ठरलं होतं आपलं."

"एकवीस," यजमान म्हणाले. ते मनात काहीतरी मोजत होते. "डेपोच्या चाळीतून किती पडली असतील?"

"सर म्हणत होते, त्या पेटीत आपली साठ-सत्तर जास्त निघाली."

"म्हणजे मीच तुला निवडून आणली."

"तुम्हीच आणलीत."

यजमान हसायला लागले. आधी नुसते खांदे हलत होते, मग मोठ्याने, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. बाईही हसू लागल्या, सुटल्यासारख्या. पण यजमान मध्येच थांबले. त्यांनी प्रमाणपत्र नीट घडीवर घडी बसवून मिटलं आणि म्हणाले, "तुला एक सांगायचं आहे. आज नाही सांगितलं तर कधीच सांगणार नाही."

"काय?"

"मी तुला मत दिलं नाही."

बाईंच्या हातात चहाचं गाळणं होतं. ते तसंच राहिलं.

"सगळ्यांना सांगितलं किटली, किटली. घसा बसेपर्यंत ओरडलो. आणि आत पडद्यामागे उभा राहिलो, शिक्का हातात घेतला, आणि वाटलं, ही खरंच आली तर? मग मी एकटाच जाऊ? तेहतीस वर्षं सकाळी चारला उठून गेलो, तू झोपलेली असायचीस. परत यायचो तेव्हा तू दुकानात. म्हटलं आता तरी दोघं एका वेळी चहा पिऊ. दिव्यावर मारला शिक्का. बाहेर आलो आणि दिवसभर जेवण गेलं नाही."

बाईंना ते लागलं. चांगलंच लागलं. महिनाभर रिक्षा फिरवणारा माणूस आणि पडद्यामागचा माणूस एकच कसा, हे त्यांना चटकन जुळवता येईना. त्यांनी गाळणं खाली ठेवलं, मग पुन्हा उचललं. त्यांना ओरडावंसं वाटलं. पण समोर खोक्यावर बसलेल्या त्या माणसाने स्वतःहून सांगितलं होतं. कोण विचारायला गेलं असतं?

गादीवरून सासूबाई म्हणाल्या, "अरे, तू नीट शिक्का मारला असतास तर तेवीस झाली असती की!"

यजमानांनी आईकडे पाहिलं. बाईंनी सासूबाईंकडे पाहिलं. चौऱ्याऐंशी वर्षांच्या म्हातारीने मनातल्या मनात परमनंटांचं एक कमी आणि बाईंचं एक जास्त केलं होतं.

"तुम्ही कुणाला दिलंत, आई?" बाईंनी विचारलं.

"मी? किटलीला. मला नाही जायचं कुठे. समुद्राची हवा माझ्या गुडघ्यांना बाधते. पण मला विचारलं कुणी? तीन तिकिटं आणून लावली फ्रिजवर, जसं काही मी पण एक खोकंच."

ते खरं होतं. त्यांना कुणी विचारलेलं नव्हतं. यजमान खजील होऊन जमिनीकडे बघत राहिले. बाईंनी तीन कपांत चहा ओतला, निळ्या काठाचा कप यजमानांपुढे ठेवला आणि त्यांच्या शेजारच्या खोक्यावर बसल्या. दोघांनी एका वेळी चहा प्यायला.

"मला राग आला आहे," थोड्या वेळाने बाई म्हणाल्या. "दोन-चार दिवस राहील."

"राहू दे."

"आता तिला सांगायला हवं."

लेकीचा फोन पहिल्याच घंटेला उचलला गेला. "आई! किती वेळ लावलास! बोल, फार वाईट वाटतंय का? बाबा म्हणाले तू रडत असशील, मी काही बोलू नये म्हणाले—"

"बाळा, मी निवडून आले."

पलीकडून असा आवाज आला, की बाईंना फोन कानापासून लांब धरावा लागला. लेक ओरडत होती, जावयाला हाक मारत होती, पोटातल्यालाही काहीतरी सांगत होती. मग तो आवाज हळूहळू कमी झाला आणि थांबला.

"म्हणजे तुम्ही येणार नाही," ती म्हणाली.

बाईंनी फ्रिजवरच्या तिकिटांकडे पाहिलं. दवाखाना, चौदा अर्ज, ती पाठमोरी बाई, सगळं एकीकडे होतं. दुसरीकडे ही तीन तिकिटं. पलीकडे लेक नाक ओढत होती आणि ते लपवायचा प्रयत्न करत होती.

यजमानांनी हात पुढे करून फोन घेतला. "ऐक गं. मी येतोय. ठरल्याप्रमाणे, ठरल्या बसने."

"तुम्ही एकटे?"

"एकटा. का? तू झालीस तेव्हा मी शंभर मैलांवर गाडीत होतो. तीन दिवसांची होतीस तेव्हा पहिल्यांदा पाहिली तुला. या वेळी मी दाराबाहेर खुर्ची टाकून बसणार. अंघोळ घालायला शिकेन. दुपटी धुवेन. स्वयंपाक..." ते जरा थांबले. "स्वयंपाक जावईबापू करतील."

"आणि आई?"

"तुझी आई आता सरकारी माणूस आहे. तिला रजा काढून यावं लागेल. बाळ झालं की आठ दिवस येईल, मग अधूनमधून. मी तिकडे सहा महिने, मग इकडे. बस मला नवी नाही." आणि मग बाईंकडे न बघता, "ती हातात घेतलेलं काम अर्ध्यावर सोडून आली असती ना, तर तुझ्याच डोक्याला ताप झाला असता."

लेक रडता रडता हसली. बाईंनी फोन परत घेतला. मायलेकी बराच वेळ बोलत राहिल्या, पायांवरच्या सुजेबद्दल, लोहाच्या गोळ्यांबद्दल. "जेवल्यावर की आधी?" बाईंनी विचारलंच. मधेच लेक म्हणाली, "आई, मला तुझा अभिमान वाटतोय, आणि रागही येतोय."

"दोन्ही ठेव," बाई म्हणाल्या. "मीही आज तेच करते आहे."

फोन ठेवल्यावर यजमान खिडकीशी गेले आणि खाली डोकावले. "अगं, कोपऱ्यावर ही एवढी माणसं का उभी आहेत? आणि बोलत का नाहीत?"

"अगोबाई," बाई म्हणाल्या. "ती माझी मिरवणूक."

यजमानांनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. मग खिडकी सताड उघडली, बाहेर वाकले आणि महिनाभर कर्ण्यावर ओरडून कमावलेल्या आवाजात हाक दिली, "सांगितलं हो! घरी सांगितलं!"

खालून जो गलका उठला त्याने समोरच्या गच्चीवरची कबुतरं उडाली. अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक सगळ्यांच्या पुढे नाचत होतं.

त्या आठवड्यात यजमानांनी सामान पुन्हा सोडलं. फक्त एक पेटी त्यांनी स्वतःची भरली. एक तिकीट ठेवलं, दोन परत केली. बाईंचा राग तीन दिवस टिकला. चौथ्या दिवशी त्यांनी यजमानांच्या पेटीत कमरेचं मलम घातलं आणि झाकणावर लिहिलं: रोज झोपताना.

लेकीला मुलगी झाली, ठणठणीत. यजमान दाराबाहेर खुर्चीवर बसले होते. जन्मल्यानंतर अकरा मिनिटांनी त्यांनी नातीला पाहिलं आणि ती अकरा मिनिटं त्यांनी पुढे भेटेल त्याला सांगितली. बाई आठ दिवस जाऊन, भरपूर सूचना देऊन परत आल्या, आणि त्याच आठवड्यात नगरपालिकेच्या सभागृहाची बैठक झाली.

बैठक संपल्यावर त्यांनी पायऱ्यांवरूनच फोन लावला.

"बोलले," त्या म्हणाल्या.

"किती वेळ?"

"चार मिनिटं. बाकाला टेकून उभी राहिले. ध्वनिक्षेपक चालत नव्हता."

"मग?"

"मग काय? काउंटरवर बोलते तशी बोलले. शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं."

"आणि दवाखाना?"

"खोली महिन्याभरात रिकामी करायचा ठराव झाला. डॉक्टरांचं मात्र समितीकडे पाठवलं."

"समितीकडे!" यजमानांनी सुस्कारा सोडला. "म्हणजे झालं. गेलं ते लोणच्यात मुरत."

"पण समितीवर कोण आहे माहीत आहे का?"

"कोण?"

"मी. दुसरं कुणी यायला तयारच नव्हतं. पहिली बैठक उद्याच लावली आहे. सकाळी, दुकान उघडायच्या आधी."

पलीकडे नात रडायला लागली. यजमान म्हणाले, "थांब, हिच्या अंघोळीचं पाणी निवतंय. संध्याकाळी कर फोन, सगळं सविस्तर सांग." आणि फोन ठेवता ठेवता पुन्हा म्हणाले, "सगळं हं. एकही गोष्ट गाळू नकोस."

बाईंनी फोन पर्समध्ये टाकला. पायऱ्यांखाली शिलाईच्या कारखान्यातल्या दोघी उभ्या होत्या, बहुधा त्यांचीच वाट बघत. बाई खाली उतरून त्यांच्याकडे गेल्या.